अकलेला इंग्रजीची कटती



कापसाची गाडी जिनात लागली की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, दाबून पाहतो, ‘ओला आहे’ म्हणतो आणि क्विंटलमागे कटती लावतो. काटा त्याचा, प्रतवारी त्याची, पावतीही त्याचीच. या कटतीविरुद्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो आहोत. पण आपल्या पोरापोरींच्या अकलेलाही एक कटती लागते, तिच्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. ही कटती लागते कायद्याच्या शिक्षणाच्या दारात, प्रवेश परीक्षेच्या काट्यावर.

कोणी म्हणेल, कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात वकिलीच्या परीक्षेचे काय काम? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. सल्ला चांगला होता, पण तो पाळणे आपल्या हातात राहिले आहे का? आपण कोर्टाकडे गेलो नाही तरी कोर्ट आपल्याकडे येते. बँकेची जप्तीची नोटीस येते. रस्त्यासाठी, कालव्यासाठी जमीन घेतल्याचा कागद येतो. फेरफार अडतो, वारस नोंद अडते, शेजारी वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकतो. प्रत्येक ठिकाणी कायदा उभा असतो. तो ज्याला वाचता येतो त्याची सरशी आणि ज्याला येत नाही त्याचे मरण.

दोनच उदाहरणे घेऊ. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटला तर वाढवून मागण्याचा हक्क दिलेला आहे. पण हरकत न नोंदवता ज्याने पैसे उचलले त्याचा तो हक्क जातो. अर्जालाही मुदत आहे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला फक्त सहा आठवडे मिळतात. ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ एवढे चार शब्द सहीच्या वर लिहायचे होते, हे गावात कोणाला माहीत नव्हते म्हणून किती जणांची तोंडे कायमची बंद झाली असतील! दुसरे उदाहरण बियाण्याचे. बोगस बियाणे उगवले नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून ग्राहक मंचात दाद मागू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दिला. तो निकाल येऊन इतकी वर्षे झाली, तरी दुबार पेरणीची पाळी आली की आपण अजून कृषी केंद्राच्या ओट्यावर नशिबाला दोष देत बसतो. निकाल दिल्लीत लागतो, पण तो शिवारात उतरवायला माणूस लागतो. तो माणूस आपल्या घरातला का नसावा?

तो नाही, कारण दारावर काटा लावून ठेवला आहे.

हा काटा कसा आहे ते नीट पाहू. देशात राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. पहिले बंगळुरूला निघाले. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा केला आणि त्याखाली मुंबई, नागपूर आणि आताचे छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे उभी राहिली. जमीन महाराष्ट्राची, तिजोरीही महाराष्ट्राची. पूर्वी अशा प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, फी वेगळी असे. २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून एकच सामाईक परीक्षा सुरू केली, तिचे नाव ‘क्लॅट’. आज दोन डझनांवर विद्यापीठांचे दार या एका परीक्षेने उघडते. एक फॉर्म, एक परीक्षा, हे चांगलेच झाले. पण त्या एका दाराला कुलूप कोणते घातले ते पाहा.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅटमध्ये १२० प्रश्न आणि १२० मिनिटे असतात. प्रश्न सुटे नसतात. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा द्यायचा आणि त्याच्याखाली प्रश्न विचारायचे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्याच मिनिटात उताराही वाचायचा. उत्तर चुकले तर पाव गुण कापला जातो. कागदावर इंग्रजी विषयाला साधारण पाचवा हिस्सा आहे. बाकी चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, सर्वसाधारण तर्क आणि थोडे गणित. पण हे सगळे उतारे इंग्रजीत! कायद्याचा तर्क इंग्रजीत, गणिताचा हिशेबही इंग्रजी उताऱ्यातून शोधायचा. तेव्हा इंग्रजी हा पाचवा हिस्सा आहे असे कोणी सांगू लागले तर त्याला सांगा, बाबा, हा सोळा आणे इंग्रजीचाच पेपर आहे.

कायद्याच्या तर्काचा प्रश्न असतो तरी काय? आधी एक तत्त्व देतात, मग एक प्रसंग देतात आणि विचारतात, हे तत्त्व या प्रसंगाला कसे लागू पडेल? आधीचे कायद्याचे ज्ञान लागत नाही, असे परीक्षा घेणारेच सांगतात. ही अक्कल आपल्या मुलांकडे नाही? ज्या पोरीने आजोबांच्या सातबाऱ्यावर आत्याचे नाव का लागले आणि हक्कसोडपत्र म्हणजे काय हे घरातल्या भांडणातून ऐकले आहे, तिला वारसाहक्काचे तत्त्व शिकवावे लागणार नाही. बांधावरचा रस्ता अडवला म्हणून बापाबरोबर तहसील कचेरीत १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अर्ज द्यायला जो पोरगा गेला आहे, त्याने वादी, प्रतिवादी, पंचनामा आणि तारीख हे चारही धडे उन्हात उभे राहून गिरवले आहेत. हीच पोरे इंग्रजी उताऱ्यापुढे अडखळतात ती तर्कात नव्हे, वाचनाच्या वेगात. आणि काटा म्हणतो, अक्कल कमी आहे. यालाच आम्ही कटती म्हणतो.

आता या काट्याच्या मालकांना आमचे साधे प्रश्न आहेत.

डॉक्टर होण्यासाठीची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते. इंजिनिअरिंगची ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीतून देता येते. केंद्रीय विद्यापीठांची ‘सीयूईटी’ २०२२ मध्ये सुरू झाली ती तेरा भाषांत, त्यात मराठी आहे. वैद्यकीची पुस्तके इंग्रजीतच आहेत ना? तरी प्रवेशाला मराठी चालते. मग कायद्याच्याच प्रवेशाला मराठीचा विटाळ का?

दुसरे, कायद्याची पदवी घेतल्यावर वकिली करण्यासाठी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतून देता येते! म्हणजे वकील म्हणून बाहेर पडायला मराठी चालते, वकील होण्यासाठी आत शिरायला चालत नाही.

तिसरे, महाराष्ट्र शासनाने १९९८ साली अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. शेतकऱ्याचे नव्वद भांडण तिथेच चालते आणि मराठीतच चालते. त्या कोर्टात उभे राहणारा वकील निवडायचा तर त्याचे मराठी तपासायला हवे होते. इथे मराठीचा एक गुणही नाही.

यावर ठरलेले उत्तर येते. उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा इंग्रजी हवेच. हवेच! आम्ही कुठे नाही म्हणतो? आमच्या पोरांनी इंग्रजी शिकावे, उत्तम शिकावे. पण पाच वर्षांचा अभ्यासक्रम कशासाठी आहे? ती पाच वर्षे इंग्रजी शिकवायला पुरत नाहीत काय? निंदण-खुरपण पुढे करायचेच असते, म्हणून उगवणीआधीच रोप उपटून टाकत नाहीत. भाषांतर अवघड आहे, असेही सांगतात. लाखो मुलांच्या नीटचे भाषांतर दरवर्षी होते ते कसे? प्रादेशिक भाषांतून क्लॅट घ्यावी म्हणून २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. त्यानंतरही डिसेंबर २०२५ ची परीक्षा इंग्रजीतच झाली.

आता खर्चाचा हिशेब. क्लॅटच्या नुसत्या अर्जाची फी ४,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ३,५०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव सरकारने ठरवला ३,६९९ रुपये क्विंटल. म्हणजे क्विंटलभर ज्वारी हमीभावाने विकली, आणि ती त्या भावाने विकली जाते असे क्षणभर धरून चालू, तरी पोराचा अर्जसुद्धा भरत नाही! अर्ज भरायची वेळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. तेव्हा खत-फवारणीत घरातला शेवटचा रुपया गेलेला असतो. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वेचणी ऐन भरात असताना. त्यावर शहरातल्या शिकवणीचा खर्च, तिथे राहण्याचा खर्च, आणि निवड झालीच तर विद्यापीठाचा वर्षाचा खर्च लाखांत. वेळापत्रक मुद्दाम आपल्याविरुद्ध आखले असे आम्ही म्हणत नाही. ते आखताना कोरडवाहू शेतकऱ्याचे घर कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते, एवढेच म्हणतो. तेही पुरेसे वाईट आहे.

आणि मदत मिळाली तर आपली पोरे मागे राहत नाहीत. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली ‘इडिया’ नावाचे काम सुरू केले. गरीब, खेड्यातली, अपंग मुले शोधायची, त्यांना या परीक्षेसाठी तयार करायचे आणि पुढे शिकतानाही हात द्यायचा. बशीर २०१९ मध्ये गेले. पण त्यांच्या या कामातून पुढे गेलेली मुले राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून शिकून वकील झाली. दाणा सकस होता, पाणी मिळाले नव्हते.

पण भावांनो, नुसता दुसऱ्याचा काटा खोटा म्हणून भागणार नाही. एक दार मराठीत उघडे आहे आणि आपण तिकडे फिरकत नाही, हे त्याहून वाईट. राज्याची विधी सीईटी २०१६ पासून होते. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असते, फक्त इंग्रजीचा भाग इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन रस्ते आहेत. खुल्या गटाला ४५ टक्के गुण लागतात, मागासवर्गीयांना त्याहून कमी. म्हणजे बी.ए. होऊन पारावर बसलेला, पोलीस भरतीची वाट पाहणारा पोरगाही अजून वकील होऊ शकतो.

तयारी काय करायची? बारावीची परीक्षा संपल्यावर जागे होऊ नका. अकरावीच्या जूनपासून रोज एक मराठी वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचायचे आणि इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचायचे. मराठीतले भारताचे संविधान घरात आणायचे. त्यातले मूलभूत हक्क, संसद, न्यायालये हे भाग पाठ नव्हे, समजून घ्यायचे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. सीईटी संगणकावर असते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी महिनाभर तरी संगणकावर सराव करायचा. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये मात्र अंदाजपंचे खुणा करायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कागद. अधिवास, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत हातात हवे. गुण असून कागदावाचून जागा गेली, असे होता कामा नये.

पोरींच्या बापांना खास सांगणे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षणासाठी पूर्ण शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदेसाठी राज्य बार कौन्सिलला खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांहून जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. तेव्हा ‘पैसा नाही’ हे कारण सांगण्याआधी दोनदा विचार करा.

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन ठराव मांडावेत असे आम्हाला वाटते. एक, महाराष्ट्रातल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतूनही झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत राज्य सरकारने विद्यापीठांकडे त्याचा लेखी जाब मागावा. दोन, शेतकऱ्यांच्या मुलांच्या अर्जाची फी एक क्विंटल ज्वारीच्या भावाहून जास्त असता कामा नये. तीन, हा ठराव आपला आपल्यासाठी. प्रत्येक तालुक्यातून या वर्षी किमान दोन मुली आणि दोन मुलगे विधी सीईटीला बसवायचे. त्यांचा फॉर्म कोणी भरायचा, पुस्तके कोणी द्यायची, परीक्षेच्या गावी कोणी न्यायचे, हे मेळाव्यातच नावानिशी ठरवायचे.

आम्हाला वाढीव गुण नकोत, दया नको. माप खरे धरा, एवढेच मागणे आहे. आणि माप खरे होईपर्यंत हात जोडून बसायचे नाही. जे दार उघडे आहे त्यातून आपली माणसे आत घालायची. उद्या जप्तीची नोटीस आली तर ती वाचायला तालुक्याला धावावे लागू नये. ती घरातच कोणीतरी वाचावी आणि तिचे उत्तरही त्याच रात्री, मराठीत, कलमासकट लिहावे.