आकोन्काग्वाची वाट आणि राखीव दिवस

१ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलची बारा वर्षांची विद्यार्थिनी काम्या कार्तिकेयन हिने अँडीज पर्वतातील सर्वोच्च शिखर सर केले आणि आकोन्काग्वा हे नाव आपल्याकडील अनेक घरांत प्रथमच उच्चारले गेले. अर्जेंटिनातील या शिखराची उंची ६,९६१ मीटर. नेहमीच्या वाटेने दोरखंडाचे अवघड काम फारसे नसल्याने ‘चालत जाता येण्यासारखे शिखर’ अशी त्याची ख्याती आहे. ही ख्यातीच अनेकांना फसवते.

नवी मुंबईतील हौशी गिर्यारोहक पनवेलजवळच्या प्रबळगडावर आणि कलावंतिणीच्या पायऱ्यांवर सराव करतात. त्याने पाय तयार होतात, दमही वाढतो. विरळ हवेची सवय मात्र होत नाही. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. आकोन्काग्वाची पायवाट सुरू होते तीच तीन हजार मीटरच्या आसपास. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. खाडीकाठी राहणाऱ्या शरीराला तेथे जुळवून घ्यायला दिवसच द्यावे लागतात. त्याला दुसरा पर्याय नाही.

म्हणून या वाटेची आखणी नकाशापेक्षा दिनदर्शिकेवर अधिक करावी लागते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा संकेत आहे. मेंडोसा शहरातून निघाल्यावर पहिला तळ कॉन्फ्लुएन्सिया, सुमारे ३,४०० मीटरवर. तेथून प्लाझा फ्रान्सियापर्यंत चढून जायचे, पण झोपायला पुन्हा खाली यायचे. पुढचा मोठा तळ प्लाझा दे मुलास, सुमारे ४,३०० मीटर. खेचरे सामान येथवर आणतात. या दोन्ही तळांवर डॉक्टर रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू तपासतात. त्यापुढे तीन छावण्या; सामान आधी वर ठेवून यायचे आणि मगच मुक्काम हलवायचा. एकच चढण दोनदा चढण्यात कोणाला वेळेचा अपव्यय वाटेल, पण शरीर तयार होते ते त्यातच.

आहाराचा विचारही आधीच करावा. ४,३०० मीटरवर पाणी सुमारे ८६ अंशांवर उकळते, त्यामुळे तूरडाळ शिजता शिजत नाही. घरी शिजवून वाळवलेली मुगाची खिचडी, खाखरे, सुकामेवा उपयोगी पडतो. तयार सुपांच्या पाकिटांत कांदा, लसूण, बटाटा हमखास असतो. पाकीट वाचूनच घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांना एक सोय अनायासे मिळते. जानेवारी हा तेथील उन्हाळा असल्याने सूर्यास्त रात्री साडेआठनंतर होतो.

शिखराच्या परवान्याची मुदत २० दिवसांची असते. त्यातले चार-पाच दिवस कोणत्याही कामाला न लावता राखून ठेवावेत, कारण ‘व्हिएंतो ब्लांको’ म्हणजे बर्फ उडवणारा पांढरा वारा सुटला की तंबूत बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. नोकरदार माणूस रजा आणि विमानभाडे यांची बेरीज करतो आणि पहिली कात्री नेमकी या दिवसांना लावतो. गंगाजळीतून घरखर्च चालवावा, तसाच हा प्रकार. दिवस संपत आले की वारा असतानाही वर जाण्याचा मोह होतो.

अनुभवी माणसालाही हा पर्वत सूट देत नाही. आंध्र प्रदेशच्या मल्ली मस्तान बाबू यांनी २००६ मध्ये सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे १७२ दिवसांत सर केली होती. २०१५ च्या मार्चमध्ये ते अँडीजमधीलच त्रेस क्रुसेस या शिखरावर एकटे गेले आणि परतले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा मृतदेह सापडला.

शेवटच्या दिवशी शेवटच्या छावणीपासून माथा जवळजवळ हजार मीटर उंच राहतो. पहाटे निघताना परतीची वेळ ठरलेली असावी. उदाहरणार्थ दुपारी दोन वाजता, माथा कितीही जवळ दिसत असला तरी. ही वेळ त्या उंचीवर, थकलेल्या डोक्याने ठरवू नये. निघण्यापूर्वी घरच्या मंडळींसमक्ष ती कागदावर लिहावी आणि त्याची एक प्रत घरीच ठेवावी.