कोणी न पाहिलेलं खग्रास ग्रहण

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'ग्रहण' हा घटक आपण बहुतेक वेळा दोन आकृत्यांत संपवतो. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले, छाया पडली, झालं! मुलं आकृती काढतात, गुण मिळवतात आणि ग्रहणाच्या दिवशी दारं-खिडक्या लावून घरात बसतात. वहीतलं ग्रहण वेगळं, घरातलं वेगळं. ही दोन्ही एकत्र आणायची असतील तर मुलांना ध्रुवांवरच्या जुन्या ग्रहणांबद्दल सांगावं, असं माझं मत आहे.

दक्षिण ध्रुवावर माणूस पहिल्यांदा पोहोचला तो 14 डिसेंबर 1911 रोजी. त्याआधी हजारो वर्षं अंटार्क्टिकाच्या बर्फावर खग्रास ग्रहणं होतच होती. भरदिवसा अंधार व्हायचा, काही मिनिटांत पुन्हा उजेड. पाहायला फार तर किनाऱ्यावरचे पेंग्विन. सूतक पाळणारं कोणी नाही, दान देणारं कोणी नाही. तरी सूर्य दर वेळी सुटलाच ना? मग त्याला कोणी सोडवलं, एवढंच मुलांना विचारा आणि थांबा. उत्तर त्यांचं त्यांना सापडू द्या.

"पण सर, कोणी पाहिलंच नाही तर कळलं कसं?" असं एखादं मूल विचारणारच. उत्तर आहे, हिशोबाने. सुमारे 18 वर्षं, 11 दिवस आणि 8 तासांनी तशाच प्रकारचं ग्रहण पुन्हा येतं. याला सॅरोस चक्र म्हणतात. 9 मार्च 1997 चं ग्रहण सायबेरिया-मंगोलियात दिसलं, त्याच कुळातलं 20 मार्च 2015 चं फेरो बेटांवर आणि स्वालबार्डला. पुढचं 30 मार्च 2033 ला अलास्काच्या भागात. (मध्ये लीप वर्षं पाच आली तर 11 ऐवजी 10 दिवस. हे मुलांनाच शोधू द्या!) असं प्रत्येक कूळ एका ध्रुवाजवळ सुरू होतं आणि शेकडो वर्षांनी दुसऱ्या ध्रुवाजवळ संपतं. हे कूळ सन 933 मध्ये दक्षिणेकडे सुरू झालं, 2195 मध्ये उत्तरेकडे संपेल.

हा हिशोब तपासायला मात्र माणसांच्या नोंदी लागल्या. इ.स.पू. 136 मध्ये बॅबिलोनला खग्रास ग्रहण दिसलं, ते तिथल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं. पृथ्वीचा फिरण्याचा वेग कायम सारखाच धरला, तर हिशोबात ती छाया बॅबिलोनच्या हजारो किलोमीटर पश्चिमेला पडते. पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय, याचा हा पुरावा. जिथे माणूस होता तिथल्या नोंदीमुळे, जिथे माणूस नव्हता तिथलं ग्रहणही सांगता येतं.

प्राथमिकच्या मुलांना हे जड जाईल, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. तारखांची बेरीज-वजाबाकी त्यांना येते. टॉर्च, चेंडू आणि पृथ्वीगोल एवढं साहित्य पुरतं.

घरच्या श्रद्धेशी भांडण करायला मी सांगत नाही. पण 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी दुपारनंतर, महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ऑगस्ट म्हणजे ढग असतीलच, तरी तयारी ठेवूया. उघड्या डोळ्यांनी किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहायचं नाही. प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर प्रतिमा घ्या. पालकांनो, त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवा. गुरुजनहो, त्या दिवशी वर्ग मैदानावर भरवा.