डीएसएलआरचे दिवस संपतायत, मग नवशिक्यांनी आता लेन्सवर पैसे घालावेत का?

लग्नाचे फोटो काढणारे अनेक फोटोग्राफर आता मिररलेस कॅमेऱ्याकडे वळलेत. त्यांचे जुने डीएसएलआर सेकंड-हँड बाजारात येतायत आणि कॉलेजची मुलं ते साठवलेल्या पैशांतून घेतायत. कॅमेरा येतो, सोबत १८-५५ ची किट लेन्सही येते. पण हळदीच्या रात्री फोटो हलतात आणि मागचा भाग हवा तसा ब्लर होत नाही. मग पुढची लेन्स कोणती, हा प्रश्न पडतो. खिशात पैसे एकाच लेन्सपुरते असतात, त्यामुळे निवड चुकली की सगळंच अडकतं.

कंपन्यांनी हात आखडता घेतला

२०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने ईओएस आर ही मिररलेस मालिका आणली. कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी-६ हे महागडे डीएसएलआर २०२० मध्ये आले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेसवरच राहिला.

मग जुनी लेन्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात? तसं नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासून आहे, तर निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरतायत. शिवाय ॲडॅप्टर लावून यातल्या बऱ्याच लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेसवरही चालतात. म्हणजे उद्या बॉडी बदलली, तरी लेन्स कामी येऊ शकते.

पहिली लेन्स कोणती?

स्वस्तात मोठा फरक पडतो तो प्राइम लेन्सने. या लेन्सला झूम नसतो, पण तिचं अ‍ॅपर्चर मोठं असतं. किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊपटींहून जास्त प्रकाश आत घेते. जिथे शटर १/१५ सेकंदावर ठेवावं लागत होतं, तिथे १/१२५ वर काम भागतं. माणूस थोडा हलला तरी फोटो स्पष्ट येण्याची शक्यता वाढते.

कॅननवाल्यांसाठी ५० एमएम एफ १.८ एसटीएम आणि निकॉनवाल्यांसाठी ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स हे नेहमीचे पर्याय आहेत. फक्त एक अडचण आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कॅननवर ५० एमएमची चौकट ८० एमएमसारखी दिसते. पोर्ट्रेटला ती छान, पण दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही सगळं कुटुंब फ्रेममध्ये मावत नाही.

याची चाचणी फुकटात होते. किट लेन्स एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर ठेवून फोटो काढायचे. जो आकडा सोयीचा वाटेल, ती लेन्स घ्यायची. पक्ष्यांचे किंवा मैदानी खेळांचे फोटो काढायचे असतील, तर मात्र प्राइमऐवजी ५५-२५० किंवा ७०-३०० ची झूम लेन्स बरी. ती संध्याकाळी कमी पडते, दिवसा चांगलं काम देते.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

• निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस मोटर नसते. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून ५० एमएम एफ १.८ डी घेतली, तर ऑटोफोकस चालत नाही. या बॉडीला एएफ-एस लेन्स लागते.

• एएफ-पी लेन्सचं ऑटोफोकस डी-३२०० आणि डी-५१०० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही.

• कॅननची आरएफ लेन्स मिररलेससाठी आहे, ती डीएसएलआरवर बसत नाही.

• मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स नको.

• आपली बॉडी सोबत नेऊन, लेन्स लावून, जवळचा आणि लांबचा फोटो तिथेच काढून पाहायचा.

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर अनेक शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. घरातल्या एखाद्या कार्यक्रमाला ती वापरून पाहिली, की विकत घ्यायची की नाही याचं उत्तर मिळतं.