आचाऱ्याची यादी

मराठवाड्यातल्या लग्नात आचारी वाण्याच्या दुकानी जात नाही. तो यादी देतो, किराणा यजमान भरतो. तूरडाळ घरच्या शेतातली की मोंढ्यावरची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वरण मात्र त्याच्या हातचं.

सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधलं ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ याहून फार वेगळं नाही. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली एका लेखातून हे भारदस्त नाव रूढ केलं. सांगणं एवढंच, की डेटाबेस, एसएमएस सेवा, अगदी घड्याळसुद्धा फंक्शनने स्वतः शोधत जाऊ नये. ते बाहेरून त्याच्या हातात द्यावं.

हळदीचंच घ्या. हिंगोलीच्या मार्केट यार्डात सौदा झाला, की शेतकऱ्याच्या मोबाइलवर हिशोबपट्टी जावी, असा प्रोग्रॅम एखाद्या पोराने नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिला असं धरू. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. हिशोब करणाऱ्या फाइलनेच एसएमएस सेवा आत ओढून घेतली असेल, तर गणित तपासायला टाकलेली खोटी बारा क्विंटल हळद खऱ्या माणसाच्या फोनवर जाऊन पडते. मग त्याची समजूत काढत बसा! तेच फंक्शन ‘नोंद, भाव, निरोप्या’ असे तीन पॅरामीटर घेत असेल, तर चाचणीच्या वेळी निरोप्या म्हणून नुसता वहीत टिपून ठेवणारा खोटा गडी देता येतो. घड्याळही असंच दिलं, तर ३१ मार्चच्या मध्यरात्री पावतीक्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो का, हे ऐन श्रावणात बघता येतं.

यासाठी नेस्टजेएससारखी मोठी चौकट लागतेच, हा समज मात्र सोडायला हवा. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनलाच फंक्शन देता येतं. सगळी जुळवाजुळव सुरुवातीच्या एका फाइलमध्ये केली की छोट्या कामाला पुरे. जेस्टसारखं साधन चाचणीपुरतं मॉड्यूल बदलून देतं, हे खरं. पण ते आचाऱ्याची पाठ फिरताच डबे बदलण्यासारखं आहे. आणि यादी दहा जिनसांवर गेली, तर दोष यादीचा नाही; एकाच फंक्शनच्या गळ्यात चार कामं पडली आहेत.

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. खोटा माल देऊन खरी व्यवस्था तपासण्याचा हा खेळ तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींनी फार मोठ्या पटावर खेळला. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी आरसे किंचित हलवून यंत्रात खोटी लहर घातली. बाकीच्या शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये गुपिताचा लिफाफा उघडला, तेव्हा लहर खोटी असल्याचा उलगडा झाला. खऱ्या लहरीसाठीची सगळी वाट खोट्या लहरीने चालून पाहिली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, तेव्हा ती पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावून विचारलं होतं, कुणी मुद्दाम घातली तर नाही ना?