कमान नको, महिन्याचे हजार द्या!

दिवाळीत गावी गेले की शाळेवरून एक चक्कर होतेच. यावेळी गेटवर नवी कमान दिसली. ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची. खाली दहावीच्या कुठल्याशा बॅचकडून 'सप्रेम भेट'. त्याआधी वॉटर कूलर आला होता, त्याच्याआधी पंखे. पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं रंगवलेली आहेत. पंखा सुरू झाला की ती दिसत नाहीत, एवढंच.

या काका-मावशींवर माझा राग नाही. पंचवीस वर्षांनी एकत्र यायचं, जुन्या सरांच्या पाया पडायचं आणि शाळेसाठी खिशात हात घालायचा, हे सोपं नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. या कमानीखालून दहावी पास होऊन अकरावी-बारावीकडे जाणाऱ्या पोरांच्या खिशाचं काय?

कारण नेमक्या याच वयात सगळ्यांचा हात सुटतो. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतली खिचडीही आठवीपर्यंतच. त्यापुढे एनएमएमएस नावाची चांगली शिष्यवृत्ती आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. पण तिची परीक्षा आठवीत असते. तेव्हा हुकली की हुकली. आणि घरची परिस्थिती आठवीत बरी असून दहावीनंतर बिघडली तर? बाबांचं काम सुटलं, आई आजारी पडली, तर त्या पोराने कुठल्या परीक्षेला बसायचं? अकरावीपासून महाडीबीटीवर राखीव प्रवर्गांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यासाठी आधी दाखले गोळा करा, आधार बँकेला जोडा आणि मग पैसे कधी येतात याची वाट बघा. वडापवाला तोपर्यंत थांबत नाही.

'अगं, अनुदानित कॉलेजची फी असते तरी किती?' असं लोक मला विचारतात. फी खरंच कमी असते. पण शिक्षण फीवर थोडंच चालतं? मी अकरावीत एका वहीत हिशोब लिहायचे, ती वही अजून आहे. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत. छान आहे, पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असायची. मग वडाप. शिवाय जर्नल, गाइड, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, सीईटीचा फॉर्म. एकेक रक्कम एवढी छोटी की घरी मागायची लाज वाटावी, आणि सगळ्या मिळून एवढी मोठी की घरच्यांनी 'आर्ट्सला टाकू का हिला?' म्हणावं.

आता माझी गोष्ट. आमच्या शाळेला जोडूनच ज्युनिअर कॉलेज होतं. मी अकरावीत असताना एका जुन्या बॅचने पाच मुलांना दोन वर्षं दरमहा ८०० रुपये द्यायचं ठरवलं. कल्पना एकदम भारी. माझं नाव त्या पाचांत होतं आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचंही. मग कार्यक्रम झाला. मांडव, शाल-श्रीफळ, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक. आम्ही ओळीने उभे राहिलो आणि फोटो छापून आला. वर 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मदतीचा हात'. दुसऱ्या दिवशी एसटीत पोरांनी हाक मारली, 'ए चेकवाली!' मी गिळलं. कारण मला ते ८०० रुपये हवे होते. ते दर महिन्याला आले आणि त्यांच्याच जोरावर मी बारावी केली. त्या बॅचची मी आजही ऋणी आहे.

मैत्रीण मात्र कार्यक्रमाला आलीच नाही. तिचे वडील त्याच गावात रिक्षा चालवायचे. ती म्हणाली, 'उद्या पप्पांच्या रिक्षात बसणारा प्रत्येक माणूस हा फोटो बघणार गं.' सरांनी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि यादीतल्या पुढच्या मुलाला चेक मिळाला. फेब्रुवारीत तिने कॉलेज सोडलं. आज ती तालुक्याला एका कापड दुकानात बिलं बनवते. यावेळी कुर्ता घ्यायला गेले तर मला डिस्काउंट देऊन म्हणाली, '१७ नंबरचा फॉर्म भरायचाय, बारावी बाहेरून करायची म्हणते.'

एका फोटोमुळे तिचं शिक्षण सुटलं असं मी म्हणणार नाही. घरी आणखीही कारणं होती. पण तिच्यासाठी ठेवलेली मदत तिच्यापर्यंत का पोहोचली नाही, याचं उत्तर मात्र तो मांडवच आहे. (हे तिला विचारूनच लिहितेय. नाव आणि गाव मुद्दाम गाळलंय.)

आपल्याकडे हे काही नवीन नाही. वार लावून जेवून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्यात. त्यातही घरोघरी मिंधेपण होतंच. म्हणून तर शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका'मधून पोरांना मान ताठ ठेवून शिकायची वाट दिली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही खेड्यातून आलेल्या मुलामुलींना वसतिगृहाचा आधार देते. आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, तीही दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीची अट होती. पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटोची नव्हती.

यातली 'दरमहा' आणि 'तीन वर्षांसाठी' ही दोन टोकं मला महत्त्वाची वाटतात. एकदम मिळालेले दहा हजार घरातल्या आजारपणात किंवा बियाण्यात जातात, आणि त्यात घरच्यांची चूक नसते. दर महिन्याच्या ५ तारखेला येणारे हजार रुपये मात्र त्या पोराचेच राहतात. पुढच्या महिन्यातही येणार हे माहीत असलं की ते डोकं अभ्यासात घालू शकतं.

मग करायचं काय? गणित साधं आहे. चाळीस जणांच्या बॅचने दरमहा प्रत्येकी १०० रुपये काढले की ४,००० होतात. चार मुलांना हजार-हजार, म्हणजे एनएमएमएसइतकेच. दोन वर्षांचा पूर्ण खर्च ९६,०००. रक्कम जमायला रियुनियनची वाट बघावी लागत नाही.

निवड दोन शिक्षकांनी आणि आधी अशी मदत घेऊन शिकलेल्या एका माजी विद्यार्थ्याने करावी. ९० टक्क्यांची अट नको. नव्वदवाल्याला सत्कार करणारे खूप भेटतात, साठ टक्क्यांवरचा पोरगा मात्र सकाळी दूध घालून कॉलेजला येतो हे कुणी विचारत नाही. गरज आणि हजेरी बघा. एखाद्या चाचणीत मार्क पडले म्हणून लगेच पैसे बंद करू नका, आधी फोन करून विचारा.

'फोटो नसेल तर पैसे कुठे गेले हे देणाऱ्याला कळणार कसं?' हा आक्षेप मला रास्त वाटतो. दिलेल्या पैशाचा हिशोब मागायचा हक्क आहेच. मग दर सहा महिन्यांनी ग्रुपवर हिशोब टाका. किती जमले, किती मुलांना दिले, किती शिल्लक. व्याप वाढला तर रीतसर ट्रस्ट नोंदवा. हिशोब सगळ्यांना उघडा, नावं फक्त निवड करणाऱ्यांकडे.

दुसरा आक्षेप, 'हे सरकारचं काम आहे.' शंभर टक्के आहे, आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण सरकार सुधारेपर्यंत यावर्षी अकरावीत असलेली मुलगी अकरावीतच थांबू शकत नाही.

आता आपलं बोलू. माजी विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टक्कल पडलेले काका येतात. पण बारावी झालेले आपण सगळे माजी विद्यार्थीच आहोत की! सगळ्यांना शंभर रुपये जमतीलच असं नाही. आपल्यातले कित्येक जण अजून स्वतःच मेसचं बिल पुढे ढकलतायत. त्यांनी पैसे देऊच नयेत. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत काय काय न्यायचं, महाडीबीटीचा अर्ज कुठे अडकतो, जात पडताळणीसाठी बारावीच्या निकालाची वाट का बघायची नसते, हे सगळं आपण ठेचा खाऊन शिकलोय. आपल्या शाळेतल्या एका अकरावीतल्या पोराला महिन्यातून एक फोन करून हे सांगायला पैसे लागत नाहीत. जुनी पुस्तकं रद्दीत घालण्याआधी शाळेत विचारायलाही लागत नाहीत.

इंटर्नशिपचे पहिले पैसे हातात आले तेव्हा मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर हे सगळं लिहून टाकलं. त्या ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि फॉरवर्ड सोडून काही नसतं. दोन दिवस शांतता. एकाने अंगठा टाकला, एकाने 'भाषण छान' लिहिलं. मग रात्री उशिरा एका मित्राचा मेसेज आला. तो दहावीनंतर गॅरेजमध्ये लागला होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, 'नंबर दे, कुठे टाकू?' त्याच्यामागून बाकीचे आले. आज आम्ही अकरा जण आहोत. महिन्याचे ११०० होतात, म्हणजे एका विद्यार्थ्याचे हजार आणि वर थोडी शिल्लक.

पहिले हजार कुणाला द्यायचे हे ठरलंय. कार्यक्रम नाही, त्यामुळे फोटोही नाही. आणि नाव? ते मी इथेही सांगणार नाही.