चित्रकलेचा तास परत द्या

वार्षिक परीक्षा जवळ आली की शाळेत सर्वांत आधी बळी जातो तो चित्रकलेचा तास. तो गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो आणि पालकही सुटकेचा निःश्वास टाकतात. यात विज्ञानाचंच नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे. प्राणी कसे लपतात, हे कोडं सोडवण्यात चित्रकारांचा किती मोठा वाटा होता ते पाहा.

बारामतीजवळच्या सुपे इथल्या मयूरेश्वर अभयारण्यात माळावर उभा असलेला चिंकारा हलला नाही, तर पटकन नजरेला पडत नाही. त्याचा रंग मातीसारखा असतो, एवढंच त्याचं कारण नाही. मातीचाच माठ त्या माळावर ठेवला तर लगेच दिसेल. ऊन वरून पडतं, माठाची वरची बाजू उजळते, खालची सावलीत जाते आणि गोलाई उठून दिसते. चिंकाऱ्याची पाठ मात्र गडद आणि पोट पांढरं असतं. उन्हाने जे उजळायचं ते आधीच गडद, सावलीने जे काळवंडायचं ते आधीच पांढरं. त्यामुळे गोलाई पुसली जाते आणि जनावर माळात विरून जातं.

हा नियम १८९६ मध्ये सविस्तर मांडला तो अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने. पक्षिशास्त्रज्ञांना पटवण्यासाठी त्याने चक्क रताळी रंगवली. काही सरसकट मातीच्या रंगाची, तर काही वरून गडद आणि खाली फिकट होत जाणारी. थोड्या अंतरावरून पहिली स्पष्ट दिसत, दुसरी दिसेनाशी होत. कागदावर गोलाई आणण्यासाठी छायाप्रकाश वापरण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यालाच निसर्गाने तो उलटा वापरलेला ओळखू आला.

पहिल्या महायुद्धानेही चित्रकारांनाच हाक मारली. १९१४ मध्ये फ्रेंच सैनिक लाल विजारी घालून लढायला गेले आणि मशीनगनपुढे कापले गेले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सैन्याने लपण्याच्या कलेसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याचा प्रमुख गिराँ द सेव्होला हा चित्रकार होता आणि त्याच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं होती. आघाडीवरच्या एखाद्या मेलेल्या झाडाचं बारकाईने रेखाटन करायचं, आतून पोकळ आणि पोलादी असं हुबेहूब खोड बनवायचं आणि रात्री तोफांच्या आवाजात खरं झाड पाडून तिथे खोटं उभं करायचं. सकाळी त्या खोडात टेहळणीसाठी सैनिक बसलेला असे. एक फांदी चुकली असती तर त्याचा जीव गेला असता.

१९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर आडवेतिडवे भडक पट्टे काढले. समुद्रात जहाज लपवता येत नाही; पण ते कुठल्या दिशेला चाललंय याचा पाणबुडीचा अंदाज चुकवता येतो, हे त्याने ओळखलं. या पट्ट्यांमुळे किती जहाजं वाचली, हे आकड्यांनी सिद्ध झालं नाही. तरी शत्रूच्या डोळ्याने पाहण्याची ती रीत अस्सल चित्रकाराची होती.

थेअर पुढे वाहवत गेला, हेही सांगितलं पाहिजे. सगळेच रंग लपण्यासाठी असतात, असा त्याने हट्ट धरला. रोहित पक्षी गुलाबी का, तर पहाटे-संध्याकाळच्या आभाळात मिसळावेत म्हणून! अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि ती रास्त होती. डोळ्यांना जे दिसलं ते तपासून घ्यावं लागतं. ते तपासणं विज्ञानाचं काम आहे. पण तपासण्यासारखं काही मुळात दिसावं लागतं आणि ते चित्रकला शिकवते.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. चित्रकलेचा तास काढून घेऊ नका आणि त्यातला काही वेळ विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांसोबत मैदानावर घालवावा. खोडावरचा सरडा मुलांना पाहून काढू द्या. त्याच्या पाठीचा रंग कुठे संपतो आणि पोटाचा कुठे सुरू होतो, हे ज्याने स्वतः रंगवलंय, त्याला तो धडा पाठ करावा लागणार नाही.