ड्रॉइंग माझं, खड्डाही माझाच

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं. परवा म्हणाला, "मामा, तयार विमान घेऊ या ना. आत जायरो असतो. स्टिक सोडली की आपोआप सरळ होतं, पडतच नाही." मी नको म्हटलं आणि घरात अबोला सुरू. ताई म्हणाली, "एवढं आवडतंय तर घेऊन दे की, तू कशाला आजोबा होतोस?" तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. वाचतेच ती.

मी चाकणला टूलरूममध्ये. वीस वर्षं ड्रॉइंग वाचतोय. शंभरातल्या एका मिलिमीटरपर्यंत अचूक पार्ट काढले, पण ड्रॉइंग कधीच माझं नव्हतं. ते दुरून कुठूनतरी येतं, कोपर्‍यात कुणा परक्याची सही. इथे त्रिज्या दोनच का, हे विचारायची सोय नाही. माझं पहिलं ड्रॉइंग म्हणजे ते विमान.

पंख १२० सेंटिमीटर लांब, २० रुंद, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम धरलं तर दर चौरस डेसिमीटरला साडेसदतीस ग्रॅम. स्पोर्ट मॉडेलला ठीक. आडवी शेपटी पंखाच्या क्षेत्रफळाच्या पाचवा हिस्सा. पंखाचा छेद वरून-खालून सारखाच फुगीर, कारण उलटंही उडवायचं होतं ना! (हौस बघा. सुलटं अजून उडालं नव्हतं.)

चूक वेगळीच झाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा, माझ्या पंखात पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर. मी मात्र पुशरॉड आखूड राहावेत म्हणून दोन सर्वो शेपटीपाशी बसवले. शेपटी लांब, नाक आखूड. मागच्या एका ग्रॅमला पुढे दोन-तीन ग्रॅम लागतात. दोन बोटांवर तोललं तर ते आठ सेंटिमीटरवर तोललं जात होतं. दिसलं होतं मला. तरी म्हटलं, चालेल. कारखान्यात हा शब्द मी पोरांना उच्चारू देत नाही.

देहूरोडला उडवायचा प्रश्नच नव्हता. इथे छावणी, दारूगोळ्याचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी. २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट माफ आहे, पण झोनचा नकाशा माफ नाही. म्हणून नकाशा बघून लांब मावळात, भातकापणी झालेल्या खाचरात, मालकाला विचारून गेलो.

हातातून सुटलं आणि नाक वर. मी खाली दाबलं तर सूर मारल्यासारखं खाली. ओढलं तर आधीपेक्षा जास्त वर. तिसर्‍या उसळीला वेग संपला, एक पंख पडला आणि ते नाकावर ढेकळांत. तीन महिन्यांचं काम, जेमतेम सहा सेकंद.

जायरो असता तर कदाचित वाचलंही असतं. तेच मला नको आहे. ते कसंबसं उडत राहिलं असतं आणि आपले सर्वो चुकीच्या जागी आहेत हे मला कधी कळलं नसतं. १९३७ साली अमेरिकेत वॉल्ट आणि बिल गुड या भावांनी रेडिओवर विमान उडवलं, तेव्हा रेडिओसुद्धा स्वतःच बनवला होता. आपण निदान लाकूड तरी कापावं. ज्याला नुसती उडवायची मजा हवी त्याने तयार खुशाल घ्यावं, जायरोही घ्यावा. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण हा पोरगा वहीत पंख काढत बसतो. त्याला पडूच न शकणारं विमान देणं मला पटत नाही.

असो. काल रात्री अबोला सुटला. कागद घेऊन आला. सर्वो पंखाखाली काढले होते. विचारलं, "मामा, बॅटरी पुढेमागे सरकवायला किती जागा ठेवू?" म्हटलं, पाच सेंटिमीटर.

रविवारी बाल्सा आणायला जातोय. ताई, जेवायचं टेबल आता महिनाभर मिळणार नाही. फेविकॉलचे डाग मी काढून देईन.